बाळाचं पट्ट्यांचं दुपटं

नमस्कार मायबहिणींनो! वावरात कापसाचा वेचा चालू आहे, तूर अजून उभी आहे. तरी दिवेलागणीनंतर घटकाभर हात मोकळा होतोच. ज्यांच्या घरी लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, त्यांनी आज रेडिओ जरा जवळ ओढा. क्रोशाच्या सुईनं बाळाचं पट्ट्यापट्ट्यांचं दुपटं कसं विणायचं, ते सांगते.

आधी दोरा. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि मे महिन्यात तोच ४५च्या पार जातो. म्हणून मी तरी सुती दोऱ्याच्या बाजूची. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. स्वस्त, मऊ, धुवायला सोपी, पण घाम शोषत नाही. आता जन्मलेलं लेकरू होळीला जेमतेम मान धरतं, आणि तोवर लोकरीचं पांघरूण पेटीत गेलेलं असतं. सुती दुपटं कूलरच्या वाऱ्यातही कामी येतं. आजीला लोकरच हवी असेल तर वाद घालू नका, फक्त केसाळ लोकर घेऊ नका. तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. गडद लाल किंवा निळा सुती दोरा घेतलात, तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर पांढऱ्या पट्ट्याशेजारी तो नकोच.

दुपटं ७५ सेंटिमीटर रुंद आणि ९० लांब पुरे. मध्यम जाडीची लोकर ३०० ते ३५० ग्रॅम लागते, सुती दोरा वजनात त्याहून जास्त. सुई ४ किंवा ४.५ मिलिमीटरची. एका रंगाचे सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. नंतर आणलेला गुलाबी तोच गुलाबी निघेल याचा भरवसा नाही.

किती टाके घालायचे हे दुसरीला विचारू नका, प्रत्येकीचा हात वेगळा. वीस खांबांचा तुकडा विणा आणि टेपनं मोजा. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका. तो १३ सेंटिमीटर भरला, तर ७५ सेंटिमीटरला ११५ खांब लागतात. त्यासाठी ११७ साखळ्या घाला, सैल हातानं. साखळी घट्ट झाली की खालची कड आवळते. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला. सुटलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरायचा, म्हणजे ओळीत ११५ झाले.

आता सगळा घोळ जिथं होतो ती जागा. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटवायचं. या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब, म्हणून त्यांच्या बुडाचा टाका सोडायचा आणि पुढच्यात सुई घालायची. ओळीच्या शेवटी मात्र मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब आलाच पाहिजे. साखळी बारीक, पिळलेली, दिसत नाही. हमखास सुटते. दर ओळीला एक टाका गळला की दुपट्याचं सूप होतं, एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळतं. म्हणून पहिल्या काही ओळी तरी प्रत्येक वेळी मोजा. टीव्ही बघत विणणाऱ्यांनी जास्तच.

रंग बदलायचा तो ओळीच्या शेवटच्या खांबातच. सुईवर दोन फास उरले की जुना दोरा सोडा आणि नवा रंग दोन्ही फासांतून ओढून घ्या. खांब पूर्ण करून मग नवा दोरा जोडला, तर पट्ट्याच्या तोंडाशी जुन्या रंगाचा ठिपका राहतो. पट्टा दोन ओळींचा ठेवा, म्हणजे दोरा परत त्याच काठावर येतो, तोडायची गरज नाही, बाजूनं वर नेता येतो. एका ओळीच्या पट्ट्यात तो पलीकडच्या काठाला अडकून बसतो. घरात उरलेले छोटे गुंडे असतील तर पट्टे कमीजास्त रुंदीचे करा. मला तर तेच जास्त आवडतात.

शेवटी चारही बाजूंनी मुका खांब, म्हणजे वेढा न घेता घातलेला बुटका टाका, फिरवा, कोपऱ्यावर एकाच टाक्यात तीन. झालर, गोंडे, मणी काही नको. जाळीची नक्षीही नको, बाळाची बोटं अडकतात. दोऱ्यांची टोकं गाठ मारून कापू नका, बोथट सुईनं आतल्या आत ओवून घ्या.

आणि वर्षाच्या आतलं बाळ एकटं झोपलेलं असताना हे दुपटं सैल अंगावर टाकू नका, तोंडावर येतं. कडेवर घेताना गुंडाळा, ओसरीवर उन्हात बसताना वापरा. धुतल्यावर दोरीवर लटकवाल तर ओल्या वजनानं लांबेल, खाटेवर पसरून वाळवा.

उरलेल्या दोऱ्यात एक टोपडं सहज निघतं. ते गोल विणायचं असतं, त्याचं पुढच्या वेळी सांगते. नमस्कार.