विणकरांकडे ठेवलेली ठेव

श्रोतेहो, नमस्कार. ठेव ठेवायची म्हटली की सांगलीकर आज चार ठिकाणी चौकशी करतो. बुडालेल्या बँका आपण पाहिल्यात, वेगळं सांगायला नको! पण सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने, आपले पैसे सोपवले ते चक्क विणकरांकडे.

नाशिकच्या पांडवलेण्यात, १० क्रमांकाच्या लेण्यात, हा व्यवहार कोरलेला आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, २००० कार्षापणं (त्या काळची नाणी), दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या एका श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०, त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब पैशाला चुकत नाही. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून नोंदवलंय. राजे येतात-जातात, माग चालू राहतो, हे त्या जावयाला नेमकं कळलं होतं.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. जुन्नरच्या लेखांत बुरूड, कासार, धान्यविक्रेते यांच्या श्रेणी भेटतात. त्यांचे नियम त्यांचेच असत आणि राजाने न्याय देताना ते पाहावेत, असं मनुस्मृतीही सांगते. पुढे शिलाहार राजांच्या काळात आपल्या मिरज-कोल्हापूर भागातल्या शिलालेखांत वीरबणंजू व्यापारी दिसतात. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या ‘पाचशे स्वामीं’चा हा व्यापारी संघ दक्षिणभर पसरलेला होता.

मात्र अशा संघटना आतल्याला सांभाळतात तशा बाहेरच्याला दारातच अडवतात. फ्रान्सने १७९१ मध्ये असे संघ कायद्याने मोडले, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडे तर धंदा जन्माला चिकटला, आणि ते दार उघडणं फार अवघड होऊन बसलं.

तरी एकत्र येण्याची गरज संपली नाही. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते एका कारागिराला नव्हे, सगळ्यांना मिळून. आणि मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारे आपले पाटण-जावळीचे माथाडी? पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, १९६९ मध्ये कायदा झाला. मालक मजुरी माथाडी मंडळात भरतो, त्यावर लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना. काम टोळीने होतं. टोळीत नवं नाव कुणाचं घ्यायचं, यावरून मात्र आजही वाजतं.