योहान म्हणा, याह्या म्हणा

(दृश्य: मासुंदा तलाव, पहाट. काठाला बांधून ठेवलेल्या बोटी. फेऱ्या मारणारी माणसं.)

ठाण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेंट जॉन’ म्हणा. तो एवढंच विचारेल, शाळा की चर्च? तलावपाळीजवळ दोन्ही आहेत. लहानपणी माझी समजूत होती की सेंट जॉन हा कुणी गोरा साहेब असणार; शाळा बांधली, नाव मागे ठेवलं आणि विलायतेला गेला. नावापुढे ‘द बॅप्टिस्ट’ असंही काही लिहिलंय, ते वाचायला कोण थांबतो?

साहेबबिहेब कुणी नव्हता तो. पहिल्या शतकातला यहुदी. अंगावर उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. यार्देन नदीत उभा राहून लोकांना पश्चात्ताप करा म्हणणारा, आणि जे करतील त्यांना पाण्यात बुडवून काढणारा. मराठी बायबलात त्याचं नाव ‘बाप्तिस्मा करणारा योहान’.

इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राबोडी आहे. तिथेही हा माणूस माहीत आहे, फक्त नाव वेगळं. हजरत याह्या अलैहिस्सलाम, म्हणजे त्यांच्यावर शांती असो.

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या श्रद्धेत फरक काय, असं विचारलं की गाडी थेट येशूवर जाते. देवाचा पुत्र की पैगंबर? क्रुसावर मेला की नाही? दोन वाक्यांत आवाज चढतात. म्हणून मी ठरवलं, परसदाराने जायचं. ज्याच्यावरून सहसा कुणी भांडत नाही, तो माणूस दोन्हीकडे कसा दिसतो ते बघायचं.

(दृश्य: चर्चजवळच्या एका जुन्या घराची ओसरी. सुपात तांदूळ निवडणारे हात.)

या मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, घरात बोलणं मराठीच. त्यांना म्हटलं, सेंट जॉनची गोष्ट सांगा. मला वाटलं, नदीपासून सुरुवात करतील. त्यांनी बापापासून केली.

जखऱ्या हा यरुशलेमच्या मंदिरातला याजक. म्हातारा. बायको अलीशिबा, तीही वयस्कर, मूलबाळ नाही. एक दिवस मंदिरात धूप जाळायची पाळी त्याच्यावर आली. आत गेला, तर वेदीच्या उजव्या बाजूला गब्रीएल देवदूत उभा. म्हणाला, तुला मुलगा होणार, नाव योहान ठेव. जखऱ्या म्हणाला, हे खरं कशावरून मानू? मी म्हातारा, बायको उतारवयाची.

“झालं,” मावशी म्हणाल्या, “देवदूताने त्याची वाचाच घालवली. विश्वास ठेवला नाहीस ना, मग मूल होईपर्यंत गप्प बस.”

लूकच्या शुभवर्तमानात हे असंच आहे. बाहेर लोक खोळंबलेले, आणि हा आतून येतो तो नुसते हातवारे करत. पुढे सगळे महिने मुका. मूल आठ दिवसांचं झालं तेव्हा नातेवाईक जमले आणि बापाचंच नाव मुलाला ठेवायला निघाले. अलीशिबा म्हणाली, नाही, योहान. लोक म्हणाले, तुमच्या नात्यात या नावाचं कुणीच नाही. शेवटी बापाने पाटी मागवली आणि लिहिलं, याचं नाव योहान आहे. त्याच क्षणी जीभ सुटली.

(दृश्य: राबोडीतली गल्ली. बेकरीच्या फळीवर पावाच्या लाद्या. जिन्याने वर जाणारा कॅमेरा.)

हे सर निवृत्त शिक्षक. कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांना मावशींची गोष्ट जशीच्या तशी ऐकवली. डोळे मिटून ऐकत होते. देवदूताने वाचा घालवली म्हटल्यावर डोळे उघडले.

“नबीला, पैगंबराला सजा? का म्हणून?”

त्यांनी कुराणातली सूरह मरियम काढली. एकोणिसावी सूरह, म्हणजे अध्याय. सुरुवातच जकरिया अलैहिस्सलाम यांच्या दुआने होते. हळू आवाजात मागितलेली दुआ. माझी हाडं खिळखिळी झाली, डोकं पांढरंशुभ्र झालं, पण या रब, तुझ्याकडे मागून मी कधी रिकाम्या हाताने परत गेलो नाही. मग खुशखबर येते: मुलगा होईल, नाव याह्या, हे नाव याआधी आम्ही कुणालाच दिलेलं नाही. आणि जकरियाही तेच विचारतात. कसं होणार? बायको वांझ, मी इतका म्हातारा.

प्रश्न तोच आहे. उत्तर मात्र एवढंच, की हे माझ्यासाठी सोपं आहे. तुलाही मी निर्माण केलंच ना, तेव्हा तू काहीच नव्हतास. मग जकरिया स्वतःहून म्हणतात, मला एखादी खूण दे. खूण ही, की तू धडधाकट असूनही तीन रात्री लोकांशी बोलणार नाहीस. ते मेहराबमधून, म्हणजे प्रार्थनेच्या जागेतून, बाहेर येतात आणि लोकांना इशाऱ्याने सांगतात, सकाळ-संध्याकाळ त्याचं गुणगान करा.

घरी येऊन मी दोन्ही उतारे शेजारीशेजारी ठेवले. म्हातारा तोच, प्रश्न तोच, मुकेपण तेच. एकीकडे ती शिक्षा आहे, दुसरीकडे मागून घेतलेली खूण. लूकच्या गोष्टीतला याजक अडखळतो. आपल्यासारखाच आहे तो, आणि देवाचं काम त्याच्या अडखळण्यासकट पुढे सरकतं. कुराणातले जकरिया पैगंबर आहेत. पैगंबर विचारतो, मागतो, पण अविश्वास दाखवत नाही. पैगंबर म्हणजे कसा माणूस, इथेच दोन्हीकडचं उत्तर वेगळं व्हायला लागतं, आणि मूल तर अजून जन्मालाही आलेलं नाही.

मावशींना पुन्हा भेटलो तेव्हा हे सांगितलं. त्यांनी माझ्यावर नवाच बॉम्ब टाकला. “मला तर कायम वाटतं, मरियेनेही गब्रीएलला विचारलंच होतं, हे कसं होईल म्हणून. तिची नाही वाचा गेली.” चर्चमध्ये सांगतात ते उत्तर त्यांना पाठ होतं: मरियेने ‘कसं’ विचारलं, जखऱ्याने पुरावा मागितला. “पण मला विचाराल तर,” सुपातला एक खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, “पुरुष माणूस नऊ महिने गप्प राहिला, याचंच अलीशिबाला बरं वाटलं असेल.”

(दृश्य: बाप्तिस्म्याचं कुंड. बाळाच्या कपाळावरून ओघळणारं पाणी. कट. मशिदीतला हौद, कोपरापर्यंत धुतले जाणारे हात.)

आता पाणी.

चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओततात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मग टाळूला सुगंधी तेल, अंगावर पांढरं वस्त्र, आणि मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून घेतलेली छोटी मेणबत्ती. हे आयुष्यात एकदाच. कॅथलिक शिकवणीप्रमाणे आदामापासून चालत आलेलं पाप या पाण्याने धुतलं जातं.

मुसलमान घरात मूल जन्मलं की कानात अजान देतात. सातव्या दिवशी अकीका, जावळ काढतात. धुऊन काढायचं असं मुलावर काही नसतंच, कारण प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे मूळच्या निर्मळ स्वभावावर जन्मतं. आदमची चूक झाली, त्याने तोबा केली, अल्लाहने माफ केलं, विषय संपला. पाणी आहे ते वजूचं. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. नमाजपूर्वी, पुन्हा पुन्हा, जन्मभर.

म्हणून कुराणातले याह्या नदीत उभे नाहीत. तिथे यार्देन नाही, रांगा नाहीत, बाप्तिस्मा नाही. तिथे आहे तो लहानपणीच शहाणपण मिळालेला मुलगा. ‘हे याह्या, ग्रंथ घट्ट धर’ असा त्याला आदेश. स्वभावाने कोवळा, शुद्ध, आईबापाशी नम्र. सूरह आले इमरानमध्ये तो सरदार आहे, संयमी आहे, नेक लोकांतला नबी आहे. ख्रिस्ती लोक ज्या कामावरून या माणसाला हाक मारतात, ते काम कुराणात नाही. मला हे कळायला वय झालं. पाटीवरचा ‘द बॅप्टिस्ट’ हा शब्दच राबोडीपर्यंत पोचत नाही.

(दृश्य: योहानाचं एक जुनं चित्र. हातात बोरूचा क्रूस, पायाशी कोकरू, वर उचललेलं बोट.)

या बोटाकडे बघा. चित्रांत योहान बहुतेक वेळा असा असतो, कुणाकडे तरी बोट दाखवणारा. येशू येताना दिसतो आणि योहान म्हणतो, हा पाहा देवाचा कोकरा, जगाचं पाप हरण करणारा. त्याच्या वहाणांचा बंद सोडायचीही माझी लायकी नाही. तो वाढला पाहिजे, मी कमी झालो पाहिजे. ख्रिस्ती श्रद्धेत योहानाचं मोठेपण या बोटात आहे. येशू स्वतः म्हणतो, स्त्रीपोटी जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कुणी झाला नाही; आणि लगेच पुढे, पण स्वर्गाच्या राज्यात जो सर्वात लहान, तो त्याच्याहून मोठा.

कुराणातही बोट आहे, पण वेगळं. याह्या हे ‘अल्लाहकडून आलेल्या एका शब्दाला दुजोरा देणारे’ आहेत. तो शब्द म्हणजे इसा अलैहिस्सलाम, म्हणजेच येशू, असं बहुतेक भाष्यकार मानतात. दुजोरा एका पैगंबराने दुसऱ्याला दिलेला. कुणी कुणापुढे कमी होत नाही. मेराजच्या, म्हणजे मुहंमदांच्या आसमानांवरच्या प्रवासाच्या, हदीसमध्ये (त्यांच्याबद्दलच्या परंपरेतल्या कथनात) तर दुसऱ्या आसमानावर याह्या आणि इसा शेजारीशेजारी भेटतात, मावसभाऊ म्हणून.

सरांनी मला एक प्रश्न दिला, मावशींसाठी. “इसा खुदा असतील, तर याह्यांकडून बाप्तिस्मा घ्यायला गेले कशाला?”

प्रश्न खोचक आहे, पण नवा नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात खुद्द योहानच येशूला अडवतो, तू माझ्याकडे येतोस? मीच तुझ्याकडून घ्यायला हवा. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “पाप्यांच्या रांगेत उभा राहिला तो. त्यासाठीच तर आला होता.” सरांना हे पोचवलं. ते म्हणाले, “खुदा रांगेत उभा राहत नाही.” पुढे मी निरोप्याचं काम सोडलं. परसदाराने शिरलो होतो, पोचलो माजघरातच.

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी. चिखलात रुतलेली होडी.)

याच खाडीकाठी हा वाद एकदा जिवावर बेतला होता. 1321 साली. पोर्तुगीज यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती. होर्मूझहून निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू, ठाण्याला लागले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस. इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, प्रकरण काझीपुढे गेलं, आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं निघाली. घरगुती मारहाणीची तक्रार बाजूला राहिली आणि येशू देव की निव्वळ माणूस, यावर वाद सुरू झाला. मग विचारलं गेलं, मुहंमदांबद्दल तुमचं म्हणणं काय? त्यांच्या उत्तराची किंमत चौघांनी एप्रिलमध्ये जीव देऊन मोजली. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला, त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला, आणि ही हकिगत लिहून ठेवली. ती एका बाजूने लिहिलेली आहे, हे वाचताना विसरू नये. मला राहून राहून वाटतं ते त्या बाईबद्दल. तिच्या तक्रारीचा निकाल काय लागला?

(दृश्य: दमास्कसच्या उमय्यद मशिदीचं छायाचित्र. आत हिरवट उजेडातली जाळीदार कबर.)

योहानाचा शेवट शुभवर्तमानात तपशिलाने आहे. हेरोद राजाने भावाच्या बायकोशी लग्न केलं, योहानाने तोंडावर चूक म्हटलं, तुरुंगात गेला. वाढदिवसाच्या मेजवानीत तिच्या मुलीने नाच केला आणि बक्षीस म्हणून तबकात त्याचं डोकं मागितलं. जोसेफस हा यहुदी इतिहासकारही त्याच्या हत्येबद्दल लिहितो, पण तिथे नाच नाही. लोक त्याच्यामागे जातात याची राजाला धास्ती होती, एवढंच. कुराण मृत्यूची गोष्ट सांगत नाही, नुसता सलाम देतं. जन्मला त्या दिवशी, मरेल त्या दिवशी आणि पुन्हा उठवला जाईल त्या दिवशी त्याच्यावर शांती. शिरच्छेदाच्या कथा नंतरच्या मुस्लिम परंपरेत येतात.

आणि ते डोकं? दमास्कसच्या उमय्यद मशिदीत त्याची जागा दाखवतात. तिथे आधी योहानाच्याच नावाचं चर्च होतं. 2001 साली पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले, मशिदीत पाऊल ठेवणारे पहिले पोप. रोममधलं एक चर्चही म्हणतं, डोकं आमच्याकडे आहे. फ्रान्समधलं आमियँचं कॅथेड्रलही म्हणतं. मावशींना हे ऐकवलं तर त्यांनी फक्त कपाळाला हात लावला.

(दृश्य: राबोडीतलं घर. जमिनीवर गोधडी, त्यावर पाय झाडणारं बाळ.)

शेवटच्या भेटीत सरांच्या मांडीवर नातू होता. दोन महिन्यांचा. नाव काय, विचारलं.

“याह्या.”

मी हसलो. ते म्हणाले, “हसू नका. अकीक्याला सगळे जमले होते. माझी थोरली बहीण म्हणाली, हे कुठलं नाव काढलंत? आपल्या खानदानात या नावाचं कुणीच नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी काय करणार? सून आतून ओरडली, महापालिकेचा फॉर्म भरून झालाय.”