सुट्टी घेऊनही न जाणारा थकवा

नमस्कार श्रोतेहो. रविवारी दुपारपर्यंत झोपूनही सोमवारी अंग उचलत नाही. ऑफिसचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. ज्या कामात जीव रमायचा, त्याच कामाबद्दल 'होऊ दे काय व्हायचं ते' असं वाटायला लागतं. असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर तो आळस नव्हे, बर्नआउट असू शकतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली याकडे लक्ष वेधलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या स्पष्ट केली: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणते. व्याख्या नोकरीपुरती आहे खरी, पण ऑफिस करून घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं बघणाऱ्या बाईला यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटेल.

सगळं मनावर ढकलण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली किंवा पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर कितीही ध्यान केलं तरी जिना चढताना धाप लागू शकते. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं फार सर्रास आढळतं. आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्यानं घोरता, मध्येच श्वास थांबतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. तशी झोप आठ तास घेतली तरी पुरत नाही.

मग झोपेकडे या. आमचं मत स्पष्ट आहे: झोप सुधारेपर्यंत दुसरं काहीही नवं सुरू करू नका. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. विरारहून किंवा कल्याणहून येणारा माणूस पाचला उठतो आणि बाराला पाठ टेकतो, तिथंच हिशेब चुकतो. उठायची वेळ ठरवा आणि रविवारीही ती फार तर तासभर पुढे न्या. रविवारी दुपारी दोनला उठलात, तर रात्री झोप लागणार नाही आणि सोमवार आणखी जड जाईल. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून सहाची टपरीवरची कटिंग अकरालाही अंगात असते. शेवटचा चहा दोन-तीनच्या आत घ्या. मोबाइल उशाशी गजरासाठी ठेवत असाल, तर साधं गजराचं घड्याळ आणा. आता एका खोलीत चार माणसं, टीव्ही सुरू, दिवा सुरू, तिथं काय करायचं? डोळ्यांवर सुती पट्टी, कानात फोमचे बोळे, आणि साडेदहानंतर टीव्हीचा आवाज बंद, एवढं घरच्यांशी बोलून ठरवा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत पडू नका. उठून मंद उजेडात बसा, डोळे मिटायला लागले की परत पडा.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. सकाळी नुसता चहा-बिस्कीट आणि चार वाजता वडापाव, यावर थकलेलं शरीर सावरत नाही. न्याहारीत मुगाचं धिरडं, अंडं किंवा मटकीची उसळ असू द्या.

व्यायामात बहुतेकांची चूक एकच: उत्साहात जिमची वर्षाची फी भरायची आणि आठवड्यात आडवं व्हायचं. पहिले दोन आठवडे दहा ते पंधरा मिनिटं सपाटीवर चाला, शिवाजी पार्कचा कठडा धरून किंवा माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेल्यासारखं वाटलं तर वेळ कमी करा. आठवड्याला १५० मिनिटं हे पुढचं उद्दिष्ट. हिवाळ्यात पहाटे धुरकट असेल तर ऊन वर आल्यावर निघा.

श्वासाचा एक सराव बसायला जागा मिळाली तर लोकलमध्येही जमतो. नाकानं मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. जोर लावून खोल श्वास घेतलेत तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं की थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. फार दमलेल्या माणसानं चाळीस मिनिटं मांडी घालून ध्यानाला बसू नये. विचारांचा कल्लोळ वाढतो आणि 'मला हेही जमत नाही' अशी आणखी एक खंत पदरी पडते. त्यापेक्षा पाठीवर पडून वीस मिनिटं योगनिद्रा करा, म्हणजे जागं राहून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेत तो सैल सोडा.

पण हे सगळं करून त्याच ओझ्याखाली परत गेलात, तर गुण टिकत नाही. कोकणातल्या आठ दिवसांचा ताजेपणा काही आठवड्यांत उतरतो, तो याचमुळे. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी कामातल्या सहा दुखऱ्या जागा सांगितल्या: कामाचा बोजा, आपल्या हातात किती निर्णय, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय, आणि आपल्याला पटणारी मूल्यं. कागदावर सहाही लिहा आणि सर्वांत जास्त ठणकते तिच्यावर खूण करा. बोजा असेल तर साहेबांना 'फार ताण आहे' असं मोघम सांगू नका. 'या तीन कामांपैकी या आठवड्यात दोन होतील, आधी कोणती करू?' असं विचारा. त्याला उत्तर द्यावं लागतं. खूण न्यायावर किंवा मूल्यांवर आली, तर मात्र प्राणायामानं ती जागा भरून येत नाही. खातं किंवा नोकरी बदलण्याचा विचार करावा लागतो, आणि तो झोप सुधारल्यावरच करावा.

आत्म्याची काळजी म्हणजे आठवड्यातून थोडा वेळ अशा गोष्टीला देणं, जिचा कुणी हिशेब मागत नाही. संध्याकाळचा हरिपाठ, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात शांत बसणं, पेटीवर सुटलेला रियाज. देव मानत नसाल तर दादर चौपाटीवर फोन घरी ठेवून अर्धा तास बसा. जपाची संख्या वाढवत नेऊ नका, तेही टार्गेट होऊन बसतं. आणि सेवा म्हणून मंडळाचं खजिनदारपद या वर्षी अजिबात घेऊ नका. प्रसाद वाटा, आरतीला उभे राहा, घरी या.

कामापासून लांब असतानाही, नातवंडांत, जेवणात, कशातच गोडी वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.

सावरायला काही महिने लागतात. घसरण बहुधा पहिल्या चांगल्या आठवड्यानंतर होते, कारण अंगात थोडी शक्ती आली की माणूस तुंबलेलं सगळं एकदम उपसायला घेतो. म्हणून एका वेळी एकच काम वाढवा. त्यानंतर दोन आठवडे झोप टिकली, तर पुढचं घ्या. मोडली, तर वाढवलेलं काम परत द्या.