निळी गोळी पोटात का जात नाही?

राम राम मंडळी! ही बघा, माझ्या हातात निळी गोळी. जरा कॅमेऱ्याजवळ धरतो. घरात सहावी ते बारावीतलं पोर असेल, तर त्याला शाळेत आठवड्यातून एकदा ही मिळत असणार, बहुतेक ठिकाणी सोमवारी. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईची लाल, लहान पोरांची गुलाबी आणि ह्या वयाची निळी. सरकार फुकट देतं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्त कमी असल्याचं निघालं.

मग गोळी जाते कुठे?

गेल्या श्रावणात सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत मी गेलो होतो, माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापक मॅडमबरोबर, त्यांच्या ह्या गोळीवरच्या अभ्यासासाठी. मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवतात. म्हणजे खाटेवरच्या पेशंटपेक्षा गावाची तब्येत बघणारा विभाग. मला वाटलं होतं, फॉर्म भरतील, रक्त तपासतील, झालं. पण मॅडमनी पहिलं काम काय केलं, तर सरांना हात जोडून वर्गाबाहेर बसवलं. ‘सर समोर असले की सगळ्या मुली गोळी खातात,’ म्हणाल्या. कागदोपत्री तयारी आधीच झालेली होती. अठराच्या आतलं पोर असेल तर अशा अभ्यासाला पालकांची परवानगी लागते, शिवाय पोरीची स्वतःचीही. तिने नको म्हटलं की विषय संपला.

‘गोळी घेता का?’ हा प्रश्न मॅडमनी विचारलाच नाही. गप्पा मारता मारता म्हणाल्या, ‘कोणाकडे आहे का गं, दाखवा बरं.’ नववीतल्या एका पोरीने कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या खाली, चॉकलेटच्या कागदात गुंडाळलेल्या चार गोळ्या. चार सोमवार!

तिचं काय चुकलं सांगा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. नववीची पोर सकाळी नुसता चहा पिऊन येते, रिकाम्या पोटी गोळी घेते, मळमळतं. त्यात श्रावणी सोमवार, म्हणजे उपास. एकीने शौचाला काळं झालं म्हणून घरी सांगितलं, आईने गोळीच बंद केली. वास्तविक लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळसर होतोच, घाबरायचं कारण नाही. पण हे त्या माउलीला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

खाण्याबद्दल पटकन सांगतो. आपल्या जळगावच्या केळीत ताकद आहे, लोह मात्र फार नाही. (यावल-रावेरवाल्यांनो, रागावू नका.) ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पालेभाजी, वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

आणखी एक गोष्ट. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे पोर फिकट दिसली की लगेच लोहच कमी, असं धरायचं नाही. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असू शकतो. तपासणी करून घ्या, अंदाजाने गोळ्या देऊ नका.

आणि एक पोर म्हणाली, ‘माले चक्कर ई ऱ्हायनी.’ मी मनात म्हटलं, झालं, रक्त कमी. मॅडमनी मात्र विचारलं, झोप किती होते? तर हळूहळू निघालं की घरात लग्नाची बोलणी चाललीत, तिला शिकायचंय, रात्र रात्र डोळा लागत नाही. रक्त तर तपासायचंच, पण हिचं दुखणं एकट्या निळ्या गोळीने जाणारं नव्हतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात पोषणाबरोबर मनाचं आरोग्यही धरलंय. सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक ह्याच वयासाठी असतं. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला १४४१६ हा सरकारच्या टेलीमानसचा नंबरही फुकट आहे. पोरांना तो पाठ करायला लावा, पाढ्यांसारखा.

निघताना ती कंपासपेटीवाली मागे मागे दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, ‘मॅडम, मंगयवारले खादी तं चाली का?’

‘चाली,’ मॅडम म्हणाल्या. ‘पन जेवीसन खाय. आनि एकच, चारी नको!’