वस्ताद जोड बघूनच लावतो: पीटीच्या तासाला पोरं सुखरूप राहण्यासाठी

(कोल्हापुरात क्रीडाशिक्षक आणि पालकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. आज पालक पण आलेत, बरं वाटलं. लगेच मुद्द्यावर येतो.

आपल्याकडं पोरगं मैदानावर पडलं की पहिला शब्द काय येतो? "उठ, काय होत न्हाई." कोल्हापूरच्या हवेतच आहे ते. इथं प्रत्येक पेठेला तालीम, त्यातल्या कित्येक तालमींच्या फुटबॉल टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी गल्ली तिकडं, आणि पोरं हे सगळं बघतच मोठी होतात, त्यामुळं दुखलं तरी सांगायचं नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ह्या रगीचा मला अभिमान आहे. पण माझं म्हणणं असं आहे की आपण तालमीतली रग तेवढी शाळेत आणली आणि तालमीतली काळजी तिथंच ठेवून आलो.

मी तालमीत वाढलोय म्हणून सांगतो. पोरं यायच्या आधी हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरली जाते, खडा, काच, खिळा काय असेल ते वेचून टाकतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, काव घालतात. नवीन पोराला पहिल्या दिवशी कुणी लढत लावत नाही, आधी जोर-बैठका, मान बळकट करायची, पडायचं कसं ते शिकायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जोड. वजन बघून, उंची बघून, अंगातली ताकद बघून वस्ताद जोड लावतो, उगच कुणालाही कुणावर सोडत नाही, आणि स्वतः हौद्याच्या कडेला उभा असतो. खासबागेचं मैदान १९१२ ला पूर्ण झालं, तेव्हापासून तिथं मोठमोठ्या कुस्त्या झाल्या, तिथं पण लोक आधी जोड कशी आहे हेच विचारतात.

आता आपला पीटीचा तास बघा. आठवीचा वर्ग, साठ पोरं, त्यात एक मिसरूड फुटलेला साठ किलोचा आणि त्याच बाकावरचा दुसरा बत्तीस किलोचा, कारण ह्या वयात कुणाची वाढ लवकर सुरू होते कुणाची उशिरा, आणि आपण काय करतो, हजेरी नंबरनं दोन टीम पाडतो आणि कबड्डी लावतो. बत्तीस किलोवाल्यानं साठ किलोवाल्याची पकड करायची. ह्या वयात हाडांच्या टोकांशी जिथनं हाड वाढतं तो भाग अजून कच्चा असतो, तिथं मार बसला तर कधीकधी पुढची वाढच वाकडी होते, म्हणून मनगट नाहीतर घोटा सुजला तर "मुरगळलाय" म्हणून तेल लावून चोळत बसू नका, एक्स-रे काढा. आणि टीम पाडताना इयत्ता नको, अंगकाठी बघा. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

मैदानाचं पण तसंच. शिट्टी वाजवायच्या आधी एक फेरी मारायची. खो-खोचा खांब हलतोय का, त्याला कुठं ढलपी निघालीय का, लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दगडासारखी घट्ट झालीय का. लोखंडी गोलपोस्ट जे इकडनं तिकडं हलवता येतात ते जमिनीला पक्के बांधलेत का हे तर बघाच बघा, पोरं त्याच्या आडव्या दांडीला लोंबकळतात आणि तो तोल जाऊन अंगावर येतो, जगात अशानं पोरं मेलेली आहेत.

भाला, गोळा, थाळी ह्याबद्दल मला कुणाचीही सबब ऐकायची नाही. २०२३ च्या सप्टेंबरमधे आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, शाळेच्या मैदानावर भालाफेकीचा सराव चालला होता आणि भाला लागून एक विद्यार्थी गेला. २०१९ ला केरळमधे पाला इथं स्पर्धेत मदतीला उभा असलेला अकरावीचा मुलगा हातोडाफेकीतला हातोडा लागून गेला, तिथं भाला आणि हातोडा शेजारीशेजारी एकाच वेळी चालू होते. फेकणारा एकच, बाकी सगळे रेषेच्या मागं, आणायला जायचं ते शिट्टी झाल्यावर सगळ्यांनी मिळून आणि चालत. मैदान लहान असेल तर त्या तासाला दुसरा कुठलाच खेळ नाही.

आता ज्याच्यासाठी मी खास आलोय ते सांगतो. पोरगं जेव्हा म्हणतं, "सर, गरगरायलंय", "सर, छातीत दुखायलंय", तेव्हा ते खरं बोलतंय असं धरूनच चालायचं. दहातली नऊ नाटकं असतील, असू देत की, नऊ पोरं झाडाखाली बसली म्हणून शाळेचं काय बिघडत नाही. प्रार्थनेला उभं राहून चक्कर आली तर बहुतेक वेळा पोट रिकामं नाहीतर ऊन, आडवं करा, पाय वर घ्या, पाणी द्या. पण पळता पळता पोरगं कोसळलं तर ती गोष्ट वेगळी आहे, ते हृदयाचं दुखणं असू शकतं, आणि जरी दोन मिनिटांत उठून हसाय लागलं तरी डॉक्टरला दाखवून ईसीजी काढल्याशिवाय त्याला पुन्हा मैदानावर घ्यायचं नाही. पालकांनो, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते शाळेला सांगा, लपवू नका. दमा असेल तर ते पण सांगा, आणि सर लोकांनी पंप ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये, तो पोराच्या खिशात पाहिजे.

डोक्याला लागलं तर त्या दिवशी खेळ बंद. पोरगं रडलं, मॅच फायनल असली, तरी बंद. नंतर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळल्यासारखं, तेच तेच विचारणं असलं काही दिसलं की सरळ दवाखाना, आणि घरी फोन करून आईबापाला सांगायचंच, सायकलवरनं एकटं सोडायचं नाही. मैदानावर पक्का दात पडला तर तो मुळाशी न धरता वरच्या भागाला धरा, दुधात टाका आणि अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरकडं पळा, पुष्कळदा तो परत बसतो.

ऊन. मार्च-एप्रिलला दहानंतर पळवायचं नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मागितलं नाही तरी. उन्हात खेळून पोरगं असंबद्ध बोलाय लागलं तर वाट बघत बसू नका, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, ओतत राहा, आणि १०८ ला फोन. वळवाच्या दिवसात गडगडाट ऐकू आला की सगळी पोरं पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही, आणि शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास कुणी बाहेर नाही.

शिक्षा म्हणून उठाबशा आणि राउंड, हे आता बंद झालं पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं त्याला मनाई आहे, पण कायदा बाजूला ठेवा. सवय नसलेल्या पोराला शंभर-दोनशे उठाबशा घालायला लावल्या की मांडीचे स्नायू अक्षरशः फुटतात, लघवी कोकसारखी काळी होते आणि किडनीवर जातं. मला त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटतं की पोरगं पळण्यालाच शिक्षा समजाय लागतं, मग आयुष्यभर मैदानाकडं फिरकत नाही. आणि मुलींना पाळीच्या दिवसात सुट्टी हवी असेल तर कारण विचारत चारचौघांत उभं करू नका, मॅडमकडं नुसती खूण केली तरी पुरे असं ठरवून टाका. ज्यांना खेळायचंय त्यांना खेळू द्या.

शेवटचं. इथं कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, पण चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या शाळांत ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागतो, आणि पोराचं हृदय थांबलं तर पहिली काही मिनिटं तुमच्याच हातात असतात. छातीच्या मधोमध, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं, तीस दाबून दोन श्वास, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. मागं टेबलावर दोन डमी ठेवल्यात. चहा नंतर, आधी पाच-पाचच्या गटानं या, मी एकेकाचे हात बघणार आहे. पालकांनी पण.