पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताना

(बडोद्यातल्या एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, ज्या शहरात माणेज्याला बेअरिंगचा एवढा मोठा कारखाना आहे, तिथे बेअरिंगवर बोलायचं तर जपूनच बोलायला हवं. समोर बसलेल्यांपैकी काहींची सबंध नोकरी तिथे किंवा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गेली असणार. त्यामुळे गोळ्या कशा घडतात, रिंगा कशा घासतात, ते मी सांगत नाही. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे दोन रिंगांमधे गोळ्या असलेली, चाक हलकं फिरवणारी कडी, डबीतून बाहेर आल्यावर आपण त्याचं काय करतो, एवढ्यावरच बोलणार आहे. बिघाड बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

आधी एक हिशेब. ६३०१ नंबरचं बेअरिंग घेऊ. आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. फिरत असताना भार पेलायची त्याची क्षमता सुमारे १० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने हजार किलो. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. त्यातले शंभरेक किलो पुढच्या चाकावर येतात आणि दोन बेअरिंगांत वाटले की प्रत्येकी पन्नास. खड्डे आणि बंप धरून हा भार तिप्पट करा. क्षमतेला भाराने भागून त्याचा घन केला की आयुष्य दशलक्ष फेऱ्यांत मिळतं. इथे ते तीनशेच्या जवळ येतं. चाकाची एक फेरी साधारण १.८५ मीटरची, म्हणजे झाले साडेपाच लाख किलोमीटर. शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढं अंतर गाठतील असा या सूत्राचा अर्थ आहे. वेगाचं म्हणाल, तर ताशी ६० ला आपलं चाक मिनिटाला जेमतेम ५४० फेरे घेतं आणि बेअरिंगची मर्यादा दहा हजारांच्या पुढे असते.

प्रत्यक्षात मात्र तीस-चाळीस हजारांतच कितीतरी गाड्यांचं पुढचं चाक खुळखुळायला लागतं. मधले पाच लाख जातात पाण्यात आणि हातोडीखाली.

पाण्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री चढली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्याही, वर पाण्यात उभ्या होत्या. मगरींचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाच्या, आत काय शिरलं ते कुणी पाहिलं नाही. बेअरिंगचं रबरी सील धूळ आणि शिंतोडे अडवायला असतं, बुडवून ठेवायला नव्हे. पूर न येताही तोच प्रकार घडतो. लांबून आलेली गाडी तशीच गरम असताना धुवायला लावली की हबमधली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाइप थेट हबवर रोखला असेल तर मग विचारायलाच नको. ग्रीस दुधट झालं की पाणी मिसळलंय असं समजा. तपकिरी झालं असेल तर गंज धरलाय.

आता बेअरिंग खरंच गेलंय का, ते पाहू. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक पूर्ण अधांतरी करा. इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, सायलेन्सरच्या पाइपाखाली नको. एका हाताने चाक वरून, दुसऱ्याने खालून धरा आणि आडवं हलवा. टक्क-टक्क असं हाताला लागलं, तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. मग फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढा. इथे टक्क झालं तर दोष कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यांवर वळतं त्या बेअरिंगांचा, चाकाचा नाही. ही गल्लत फार होते आणि नवं बेअरिंग टाकूनही खुळखुळ तशीच राहते. शेवटी चाक फिरवा आणि दुसरा हात फोर्कच्या खालच्या टोकाला लावून ठेवा. आवाज कानाला येण्याआधी खरखर बोटांना कळते. ब्रेक पॅडची घासाघीस किंवा स्पीडोमीटरच्या गिअरची कुरकुर तिच्यात मिसळू देऊ नका. डिस्कवाल्या गाडीत आणखी एक खूण सापडते. चाक डगमगलं की डिस्क पॅडना मागे ढकलते, म्हणून ब्रेकचा पहिला दाब पोकळ लागतो आणि दुसरा बरोबर लागतो.

सामान फार लागत नाही. एक्सलच्या मापाचे पाने, हातोडी, आठ-दहा मिलिमीटर जाडीची लांब पोलादी सळई, जिचं टोक चपटं आणि कड धारदार असेल, सॉकेटचा सेट, लिथियम ग्रीस आणि हीट गन. ती नसेल तर उकळतं पाणी. बेअरिंग दोन्ही बाजूंची एकदमच बदला आणि डस्ट सीलही नवं घ्या. नंबर गाडीच्या नावावरून मागू नका, जुन्या रिंगवर कोरलेला वाचा. शेवटचे दोन आकडे भोक सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणायचं. पुढची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबरी सील, झेडझेड म्हणजे दोन्हीकडे पत्र्याची झाकणं. आपल्या पावसाळ्यात चाकाला २आरएसच बरं. सी३ लिहिलेलं असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. जुन्यावर असेल तरच सी३ घ्या. आणि ओळखीच्या दुकानातून घ्या. नामांकित कंपन्यांची बनावट बेअरिंगं हुबेहूब डबीत येतात.

चाक काढण्याची एक-दोन पथ्यं. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. डिस्कची गाडी असेल तर चाक निघाल्यावर ब्रेकच्या लिव्हरला हात लावायचा नाही. पॅडच्या मधे लाकडाची पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी खेळता खेळता लिव्हर दाबलं तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. चाक आडवं ठेवाल तेव्हा रिमखाली ठोकळे द्या. सगळं वजन डिस्कवर आलं की ती वाकते.

डस्ट सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढा. कुठे सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, असेल तर तीही काढा. आत पाहिलंत तर दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी दिसेल. तिला डिस्टन्स पीस म्हणतात, काही जण स्पेसर म्हणतात. सळई वरून घालून ही नळी किंचित एका बाजूला सरकवा, म्हणजे खालच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड उघडी पडते. तिच्यावर सळई टेकवून ठोका. एक ठोका इकडे, एक समोर, मग आडव्या बाजूंना. एकाच जागी ठोकत राहिलात तर बेअरिंग तिरकं होऊन हबमधली बैठक, म्हणजे स्वतःची बसायची जागा, खरवडतं. बेअरिंग हलतच नसेल तर ताकद वाढवू नका, हब गरम करा.

गरम करण्यामागचं गणित असं. हब अॅल्युमिनियमचा असतो आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ३७ मिलिमीटरची बैठक ३० अंशांवरून १०० वर नेली की ती ०.०६ मिलिमीटरने मोठी होते. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर तेही ०.०२ ने आकसतं. घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरक शतांश मिलिमीटरांतलाच असतो. दोन्ही मिळून ०.०८ ची सूट मिळाली की बेअरिंग जवळजवळ अंगठ्याच्या दाबाने आत जातं. हबवर पाण्याचा थेंब टाकून पाहा, चर्र करून उडाला की पुरे. ब्लो टॉर्चची ज्योत लावू नका. तिने रंग तर जळतोच, शिवाय एकाच जागी जास्त उष्णता लागते. बेअरिंग मात्र कधी तापवायचं नाही, आतलं ग्रीस आणि सील दोन्ही खराब होतात. फ्रीझरमध्ये ठेवताना ते हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर बाहेर काढताच त्यावर दव जमतं.

बसवताना नियम एकच, जोर बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलंत तर प्रत्येक घाव गोळ्यांतून पुढे जातो आणि रिंगच्या खाचेत गोळ्यांच्या आकाराचे बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. याच कारणाने ठोकून काढलेलं जुनं बेअरिंग परत वापरायचं नसतं. ६३०१ साठी ३६ मिलिमीटरच्या आसपास बाहेरचा व्यास असलेलं सॉकेट चालतं. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंगही चालते, फक्त तिला कटरने एक चीर पाडून ठेवा, नाहीतर तीच आत अडकून बसते. ठोकणं पूर्ण टाळायचं असेल तर १० मिलिमीटरची आटेदार सळई, दोन नट आणि जाड वायसर घेऊन बेअरिंग ओढून बसवता येतं. त्यातही टोकाचा वायसर बाहेरच्या रिंगवरच टेकला पाहिजे.

पहिलं बेअरिंग, बहुधा डिस्कच्या बाजूचं, थेट तळापर्यंत न्या. तळाला टेकलं की ठोक्याचा बद्द आवाज बदलून खणखणीत होतो. मग चाक उलटा, डिस्टन्स पीस घाला, तो मध्यभागी आहे ना ते एक्सल घालून पाहा आणि दुसरं बेअरिंग बसवायला घ्या.

खरी चूक या दुसऱ्या बेअरिंगपाशी होते. डिस्टन्स पीस हबच्या दोन खांद्यांमधल्या, म्हणजे बेअरिंगं तळाला जिथे टेकतात त्या कडांमधल्या, अंतरापेक्षा केसभर लांब बनवलेला असतो. म्हणून दुसरं बेअरिंग तळापर्यंत न्यायचं नसतं. त्याची आतली रिंग डिस्टन्स पीसला टेकली की थांबायचं. बाहेरच्या रिंगमागे बारीक फट राहते आणि ती तशीच राहायला हवी. खणखणीत आवाजाची वाट पाहत तुम्ही ठोकत राहिलात, तर बाहेरची रिंग पुढे जाते, आतली डिस्टन्स पीसवर अडते आणि गोळ्या दोन रिंगांमधे आडव्या चेपल्या जातात. चाक फिरतं, पण जड फिरतं. ते बेअरिंग तापतं आणि काही महिन्यांत जातं. लोक म्हणतात माल हलका निघाला. याउलट डिस्टन्स पीस घालायलाच विसरलं किंवा दुसऱ्या गाडीचा आखूड घातला, तर एक्सल आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि दोन्ही बेअरिंगांचा निकाल लागतो.

परीक्षा बोटाने होते. दोन्ही बेअरिंगं बसल्यावर भोकातून बोट घालून डिस्टन्स पीस आडवा ढकला. जोर लावल्यावर तो जरासा सरकला तर जमलं. खडखडत असेल तर बेअरिंग अजून थोडं आत जायचंय. अजिबात हलत नसेल तर आत जास्त गेलंय. मग दोन्ही आतल्या रिंगा बोटाने फिरवा, एकसारख्या गुळगुळीत फिरायला हव्यात.

सील लावताना त्याच्या ओठाला ग्रीसचा पातळ हात द्या. ज्या कॉलरवर सील घासतं, तिला नख अडकेल अशी खाच पडली असेल तर कॉलरही बदला. खाचेवर नवं सील पाणी अडवत नाही. एक्सल काचेवर लोळवून सरळ आहे का पाहा, गंज घासून काढा, वरून हलकं ग्रीस लावा.

चाक चढवताना दोन ठिकाणी घाई नको. स्पीडोमीटर ड्राइव्हचे कान हबच्या खाचांत बसले नसतील, तर एक्सल आवळताच ते चेपतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत फोर्कच्या पायावर एक कोंब असतो, तो ब्रेक प्लेटच्या खाचेत गेलाच पाहिजे. तो चुकला तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, केबल तुटते आणि चाक जाम होतं. आज सांगितलेलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवळा. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे जवळपास ५० न्यूटन-मीटर. फोर्कच्या तळाशी एक्सल चिमटीत धरणारा पिंच बोल्ट असेल तर तो सर्वांत शेवटी, गाडी स्टँडवरून खाली घेऊन पुढून दोन-चार वेळा दाबल्यावर आवळा, म्हणजे फोर्कचा पाय आपल्या जागी येतो. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं लिव्हर दाबून दाबून घट्ट करून घ्या.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

बेअरिंग हबमध्ये हातानेच बसतंय, सैल आहे, गॅरेजवाला बैठकीला पंच मारून देतो म्हणतो, मारू द्यायचा का? देऊ नका. पंचाने चार-सहा टोकं वर येतात, बेअरिंग त्या टोकांवर टेकतं आणि थोड्याच दिवसांत ती घासून पुन्हा सैल होतं. फरक अगदी किरकोळ असेल तर बेअरिंगसाठी मिळणारं रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे ते जागी धरून ठेवणारा चिकट पदार्थ, वापरा, बैठक आधी पूर्ण कोरडी आणि तेलविरहित करून. जास्त असेल तर लेथवर स्लीव्ह, म्हणजे बैठकीत बसणारी पातळ नळी, बसवून घ्या, नाहीतर हब बदला.

जुन्या गाडीतलं उघडं बेअरिंग धुऊन चालेल का? चालेल. रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, आतल्या मोकळ्या जागेच्या निम्म्यापर्यंत ग्रीस भरा. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवायची हौस आवरा. कोरड्या गोळ्या घसटून खराब होतात आणि बेअरिंग फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

आणि पुरात उभी राहिलेली गाडी, जिचं चाक आज छान फिरतंय? चाक काढा, सीलची कड टाचणीने हलकेच उचलून ग्रीसचा रंग पाहा. स्वच्छ असेल तर सील दाबून बसवा आणि महिन्याभराने चाक पुन्हा हलवून पाहा. दुधट किंवा तपकिरी दिसलं तर दोन्ही बेअरिंगं बदला, आणि त्याच वेळी मागचं चाकही उघडा. तिथे चेन स्प्रॉकेटच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत तिसरं बेअरिंग असतं, ते पाहायचं हमखास राहून जातं.