लोणारच्या गाळातला पाऊस

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांनी लोणार पाहिलं असेल. काठावर उभं राहून ते गोल, हिरवं पाणी पाहिलं असेल, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलं असेल. काही जण पायवाटेनं खाली कमळजादेवीपर्यंतही उतरले असतील. खाली गेलं की आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. माझ्याबरोबर विद्यार्थी असले की ते नाकाला रुमाल लावतात. मी त्यांना सांगतो, रुमाल काढा, हा वास म्हणजे या तळ्याच्या श्वासोच्छ्वासाचा पुरावा आहे. तळाच्या चिखलात प्राणवायू नाही, तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि त्यातून हा वायू निघतो.

उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ते कधी पडलं यावर मतभेद आहेत. एका पद्धतीनं उत्तर ५२ हजार वर्षं येतं, दुसरीनं ५ लाख ७० हजार. आज त्यात शिरत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: या तळ्यातून एकही ओढा बाहेर जात नाही. धारेचं, म्हणजे विवराच्या काठच्या झऱ्याचं, पाणी आत येतं, पावसाचं येतं आणि उन्हानं उडून जातं. क्षार मात्र मागे राहतात. कॅल्शियम आधीच चुन्याच्या रूपात खाली बसतं, उरतात सोडियम आणि कार्बोनेट. म्हणून पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. इथला खार पूर्वी गोळा करून विकला जात असे, आणि दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावं जुन्या नोंदींत सापडतात.

अशा पाण्यात जगणार कोण? सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. लोणारचा हिरवा रंग आर्थ्रोस्पायरा या नीलहरित जिवाणूंचा आहे, बाजारात ज्याला स्पिरुलिना म्हणतात त्यांच्याच कुळातले हे जिवाणू. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात त्यांचे स्पर्धक फारसे टिकत नाहीत, म्हणून ते प्रचंड वाढतात. मेले की तळाशी बसतात. वरून विवराच्या उतारावरची माती, पानं, परागकण येऊन पडतात. वर्षाला सरासरी मिलिमीटरभर. हीच आपली जुन्या पावसाची वही.

ती वही वाचायला २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळ्यात नळ्या खुपसून सुमारे १० मीटर लांबीची गाळाची कांडी काढली. त्या दहा मीटरमध्ये गेल्या साडेअकरा हजार वर्षांचा हिशेब आहे. गोड्या पाण्याच्या तळ्यात असं काम करताना आपण डायटम या सूक्ष्म शैवालांवर भिस्त ठेवतो, कारण त्यांची सिलिकाची कवचं हजारो वर्षं राहतात आणि कुठली जात सापडली यावरून पाणी कसं होतं ते कळतं. पण इतक्या अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते. म्हणून इथे खनिजं, परागकण आणि सेंद्रिय रेणूंकडे वळावं लागतं. कार्बनवरून गाळाचं वय काढतानाही काळजी लागते. अशा पाण्यात जुना कार्बन मुरलेला असू शकतो, त्यामुळे पाण्यातल्या जिवाचं वय फसवं निघतं. जमिनीवरच्या झाडाचं लाकूड गाळात सापडलं, तर त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

या कांडीत मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे गेल्युसाइटचे स्फटिक. सोडियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाणी यांचं हे खनिज पाणी आटून क्षार फार दाट झाले की बनतं. म्हणजे ज्या थरात गेल्युसाइट, त्या काळात तळं आक्रसलेलं. लोणारमध्ये असे दोन मोठे पट्टे निघाले. एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

पहिला पट्टा ऐकला की लगेच सिंधू संस्कृती आठवते. तिची नगरं ओस पडू लागली ती याच पट्ट्याच्या अखेरीस, म्हणून दुष्काळानं संस्कृती बुडाली असं सांगण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, आणि आवरायला आपला महाराष्ट्रच मदत करतो. दुसरा पट्टा पाहा. इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ १३५० पर्यंत. सातवाहन, वाकाटक, यादव, सगळे याच काळातले. अजिंठ्याची बहुतेक लेणी याच काळातली, आणि ज्या दैत्यसूदनाला आपण हात जोडतो तेही. पाऊस मंद होता, पण माणसं थांबली नव्हती. उलट घोडनदीकाठच्या इनामगावात, सुमारे ३,००० वर्षांपूर्वीपासून, उत्खननात वस्तीची उतरती कळा दिसते. ती कोरड्या हवेमुळे आली असं काही पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. तो काळ मात्र लोणारच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधे पडतो. याचा अर्थ कुणी चुकलं असा नाही. तळं आटणं आणि शेतात पीक न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तळं शतकांची सरासरी सांगतं, शेतकऱ्याचं पीक घडवायला वा बिघडवायला मृगाचे आठ दिवसही पुरे पडतात.

गाळात प्राणी-प्लवकांचीही खूण आहे. जिवाणू खाणारे रोमक, म्हणजे अंगावर केसांसारखे रोम असलेले एकपेशी जीव, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात राहतात, तेव्हा टेट्राहायमेनॉल नावाचा पदार्थ तयार करतात. जीव कुजून जातो, रेणू राहतो. लोणारमध्ये हवा कोरडी होत गेल्यानंतरच्या थरांत हा रेणू सापडला. डोळ्यांनी न दिसणाऱ्या जिवाची ही सही मला कुठल्याही ताम्रपटाइतकी मोलाची वाटते.

शेवटी जून २०२० आठवा. तळं गुलाबी झालं, वर्तमानपत्रं भरून गेली, लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा कारण निघालं क्षारप्रिय आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी उतरलं, खारटपणा चढला आणि गुलाबी रंगद्रव्याचे हे जीव वाढले. पावसानं पाणी पातळ झालं, ते तळाशी बसले आणि रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. त्या जूनचे जीव आता त्याच चिखलात आहेत, वरच्या काही मिलिमीटरमध्ये, आणि त्यांच्यावर पुढच्या पावसाळ्यांचा गाळ साचतो आहे.